वीज आली की निम्म्या इमारतीचे नेट जाते : ग्राहकांचे पोर्ट वेगळे का करावे लागतात

इमारतींना इंटरनेट पुरवणाऱ्या सेवादात्याकडे येणारी तक्रार साधारण अशी असते. इमारतीत चाळीस-पन्नास जोडण्या आहेत, जिन्याखालच्या पेटीत स्विच (घरोघरच्या वायरी ज्याच्या पोर्टमध्ये, म्हणजे खोबणीत, खोचल्या जातात ते उपकरण) बसवलेले आहेत, फायबरचा सिग्नल उत्तम आहे, मुख्य राउटरवर फारसा भार नाही. तरीही दर काही दिवसांनी, विशेषतः वीज जाऊन परत आल्यानंतर, दहा-पंधरा घरांतून एकदम फोन येऊ लागतात. मोबाइल वायफायला जोडला जातो, पण 'इंटरनेट नाही' असे दिसते. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काहींचे सुरू होते, काहींचे होत नाही, आणि ज्यांचे दिवसभर सुरू झाले नाही त्यांचे रात्री उशिरा आपोआप सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पाठवावा तर सगळे ठीक असते. मग ग्राहकाचा राउटर बदलून पाहिला जातो, वायरीचे टोक नव्याने काढले जाते, एखादा स्विचही बदलला जातो, आणि पंधरवड्याने तोच प्रकार पुन्हा घडतो.

तक्रार करणाऱ्या घरात दोष शोधत राहणे हा यातला सर्वांत मोठा कालापव्यय आहे. दोष बहुधा अशा ठिकाणी असतो जिथून कधीच तक्रार येत नाही.

सुरुवात एका साध्या तपासणीने करावी. ज्या घरात नेट बंद आहे तिथल्या राउटरचे पान उघडून वॅन (बाहेरून इंटरनेट येणाऱ्या) बाजूला कोणता आयपी पत्ता मिळाला आहे ते पाहावे. आपल्या जाळ्यातून ग्राहकांना १००.६४ ने सुरू होणारे पत्ते दिले जात असतील (१००.६४.०.० पासूनचा हा पट्टा सेवादात्यांच्या सामायिक वापरासाठी २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला), तर तिथे त्याच पट्ट्यातला पत्ता दिसायला हवा. प्रत्यक्षात तिथे १९२.१६८.०.१०४ असा काहीतरी पत्ता दिसला आणि गेटवे (जाळ्यातून बाहेर जाण्याचे दार असलेले उपकरण) म्हणून १९२.१६८.०.१ दिसला, तर निदान जवळजवळ झालेच. हा पत्ता आपण दिलेला नाही. तो इमारतीतल्याच कोणाच्या तरी घरगुती राउटरने दिला आहे, आणि त्या राउटरची लॅन (घरातल्या उपकरणांकडची) बाजू आपल्या वायरीला जोडली गेली आहे.

असे कसे होते हे समजण्यासाठी पत्ता मिळण्याची पद्धत आठवावी लागेल. राउटर सुरू झाला की तो 'मला पत्ता द्या' अशी हाक संपूर्ण ब्रॉडकास्ट क्षेत्रात, म्हणजे सर्वांना उद्देशून दिलेली हाक जिथवर पोहोचते त्या सगळ्या भागात, देतो. ही हाक खऱ्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरपर्यंत पोहोचते, तशीच त्या भरकटलेल्या राउटरपर्यंतही पोहोचते. दोघेही उत्तर देतात आणि बहुतेक उपकरणे जे उत्तर आधी येईल ते स्वीकारतात. खरा सर्व्हर दोन-तीन स्विच आणि एक रिले (हाक पुढे पोहोचवणारे उपकरण) ओलांडून पलीकडे बसलेला असतो, तर तोतया त्याच पेटीत पलीकडच्या पोर्टवर असतो, त्यामुळे शर्यत बऱ्याचदा तोतयाच जिंकतो. १९९७ साली ठरलेल्या डीएचसीपीच्या नियमांत उत्तर देणारा अधिकृत आहे की नाही हे ग्राहकाच्या उपकरणाने पडताळावे अशी सक्ती नाही, आणि आजही घरगुती राउटर ते पडताळत नाहीत.

तक्रारी वीज आल्यानंतरच का येतात, याचेही उत्तर इथेच आहे. ज्याला खरा पत्ता आधीच मिळालेला आहे तो पत्ता वापरण्याची अर्धी मुदत संपल्यावर थेट आपल्या ओळखीच्या सर्व्हरकडेच नूतनीकरण मागतो, सर्वांना हाक देत नाही; म्हणून तोतया जाळ्यात असूनही जुन्या ग्राहकांना दिवसेंदिवस काही जाणवत नाही. वीज गेली आणि आली की मात्र सगळे राउटर एकाच वेळी नव्याने हाक देतात. रात्री आपोआप सुरू होण्यामागचे कारणही तितकेच सरळ आहे. अनेक घरगुती राउटरांमध्ये पत्त्याची मुदत मुळात १२० मिनिटांची ठेवलेली असते. तोतया राउटर असलेली जागा रात्री बंद झाली, तिथली वीज बंद केली गेली, की अडकलेल्या ग्राहकांची मुदत तास-दोन तासांत संपते, ते पुन्हा सर्वांना हाक देतात आणि या वेळी उत्तर देणारा खरा सर्व्हर एकटाच असतो.

तोतया शोधण्यासाठी लॅपटॉप थेट इमारतीच्या स्विचला लावावा आणि पत्ता सोडून पुन्हा पुन्हा मागावा. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिगच्या सविस्तर माहितीत डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता वेगळ्या ओळीत दिसतो. त्या जागी अनोळखी पत्ता आला की एआरपी तक्त्यात (कोणता आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा याच्या यादीत) त्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) पाहून लिहून घ्यावा. मॅकच्या पहिल्या सहा आकड्या-अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते, त्यामुळे शोध थोडा सोपा होतो. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर त्याच्या मॅक तक्त्यात तो पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे सरळ दिसेल. साधा स्विच असेल तर तोतयाच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर मागणारी चाचणी) सुरू ठेवून एकेक वायर काढत जावे लागते. ज्या वायरीबरोबर पिंग थांबेल ती आपली वायर. हे काम दुपारी करावे, सायंकाळी नव्हे, कारण वायर काढलेला प्रत्येक ग्राहक फोन करतो.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण इथे थोडे बारकाईने सांगण्यासारखे आहे, कारण 'ज्याने वायर चुकीची लावली त्याचे स्वतःचे नेट चालणारच नाही, म्हणजे तो लगेच सापडेल' असा पुष्कळांचा समज असतो. तळमजल्यावरच्या एका दुकानाने स्थिर आयपी पत्ता घेतलेला होता. सीसीटीव्ही बसवायला आलेल्या माणसाने पाच पोर्टचा एक छोटा स्विच काउंटरखाली ठेवला. आपल्याकडून आलेली वायर त्याने त्या स्विचला लावली, तिथून एक वायर राउटरच्या वॅन पोर्टला दिली, एक वायर डीव्हीआरला दिली, आणि दुकानातल्या वायफायवरून कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरच्या लॅन पोर्टमधून आणखी एक वायर त्याच स्विचमध्ये खोचली. दुकानदाराचे नेट व्यवस्थित चालत होते, कारण त्याच्या वॅनवर पत्ता हाताने भरलेला होता आणि त्याला डीएचसीपीची गरजच नव्हती. कॅमेरेही दिसत होते. बसवणाऱ्याचे काम झाले, मालक समाधानी, आणि त्या राउटरची लॅन बाजू मात्र संपूर्ण इमारतीला पत्ते वाटत बसली. दुकानदाराला हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

ती एक वायर काढली की त्या दिवसाची तक्रार मिटते. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी विजेच्या कडकडाटात जळालेल्या वॅन पोर्टऐवजी वायर लॅनमध्ये लावतो, किंवा 'दोन वायरी लावल्या तर वेग दुप्पट मिळतो' असे ऐकून ओएनटीच्या (घरात फायबर जिथे येते त्या पेटीच्या) दोन पोर्टमधून दोन वायरी राउटरला जोडतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते. चाळीस घरांतल्या वायरींवर लक्ष ठेवणे कोणत्याही सेवादात्याला शक्य नाही. शक्य आहे ते एवढेच, की एका घरातून निघालेली फ्रेम (वायरीवरून जाणारा माहितीचा तुकडा) दुसऱ्या घराच्या पोर्टवर पोहोचूच द्यायची नाही. ग्राहकाला फक्त गेटवे दिसावा आणि गेटवेला सगळे ग्राहक दिसावेत, अशी ही रचना आहे. यालाच पोर्ट आयसोलेशन म्हणतात. काही स्विचांमध्ये त्याचे नाव 'प्रोटेक्टेड पोर्ट' असते, मोठ्या स्विचांमध्ये ते 'प्रायव्हेट व्हीलॅन' (व्हीलॅन म्हणजे त्याच वायरींवर क्रमांकाने वेगळे केलेले जाळे) या अधिक विस्तृत रूपात येते, आणि मायक्रोटिक कंपनीच्या उपकरणांतल्या ब्रिजमध्ये (पोर्ट एकत्र जोडणाऱ्या सोयीत) तेच काम 'होरायझन' नावाच्या आकड्याने होते: ज्या पोर्टांचा आकडा सारखा, ते एकमेकांकडे फ्रेम पाठवत नाहीत. मात्र होरायझन हे सॉफ्टवेअरने केलेले काम आहे. ते लावले की फ्रेम स्विचच्या चिपऐवजी प्रोसेसरमधून जाऊ लागतात, आणि भर सायंकाळी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. त्यांच्याच स्विच चिप असलेल्या मालिकेत चिपच्या पातळीवरचे पोर्ट आयसोलेशन वेगळ्या मेनूत असते. इमारतीच्या स्विचवर तेच वापरावे.

फक्त डीएचसीपीसाठी नव्हे

तोतया डीएचसीपी हे सेवादात्यांना रोज दिसणारे कारण आहे, पण एकमेव नाही. एआरपीचे (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या पद्धतीचे) नियम १९८२ चे आहेत आणि त्यांत ओळख पटवण्याची कोणतीही सोय नाही. एकाच ब्रॉडकास्ट क्षेत्रातला कोणीही 'गेटवे मीच' असे जाहीर करू शकतो आणि शेजाऱ्यांची सगळी वाहतूक स्वतःच्या संगणकातून पुढे पाठवू शकतो. पीपीपीओई (नाव आणि पासवर्ड देऊन होणारी जोडणी) वापरणाऱ्या जाळ्यातही हा धोका टळत नाही. तिथे ग्राहकाचा राउटर सर्व्हर शोधण्यासाठी ब्रॉडकास्टच करतो, आणि कोणी घरात पीपीपीओई सर्व्हर चालू ठेवला तर जवळचा म्हणून तोच आधी उत्तर देतो. जोडणी पॅप पद्धतीने होत असेल तर ग्राहकाचा पासवर्ड उघड्या स्वरूपात त्याच्या हाती पडतो.

ज्यांनी इमारतींत वायरीने नेट येण्याचे सुरुवातीचे दिवस पाहिले आहेत त्यांना विंडोजच्या 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये शेजाऱ्यांचे संगणक, त्यांचे फोल्डर आणि प्रिंटर दिसत असत हे आठवत असेल. अनेकांना ते सोयीचे वाटे. पण ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला, २००८ च्या अखेरीस कॉन्फिकर आला आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा हीच सोय महागात पडली. हे तिन्ही कृमी विंडोजच्या अंतर्गत सेवांमधून, म्हणजे १३५ किंवा ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून (इथे पोर्ट म्हणजे वायरीची खोबण नव्हे, संगणकातल्या सेवेचा क्रमांक), एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःहून शिरत. सेवादात्याने गेटवेवर हे पोर्ट बंद केले तरी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारी वाहतूक गेटवेपर्यंत येतच नाही. ती स्विचमधूनच परस्पर निघून जाते. जे गेटवेवरून जात नाही ते गाळता येत नाही, मोजता येत नाही आणि नोंदवताही येत नाही.

नोंदीचा मुद्दा भारतात कायदेशीर जबाबदारीशी जोडलेला आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादात्यांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात 'या वेळी हा पत्ता कोणाकडे होता' असे पोलिसांनी विचारले आणि आपल्या जाळ्यात कोणीही शेजाऱ्याचा पत्ता हाताने भरून वापरू शकत असेल, तर आपण दिलेल्या उत्तरावरून चौकशी भलत्याच्याच दारात जाऊ शकते. म्हणून आयसोलेशनच्या जोडीला डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते देणारी उत्तरे फक्त विश्वासू पोर्टवरून येऊ देणे) आणि पत्त्याची पडताळणी करणारे सोर्स गार्ड लावतात, आणि विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती ऑप्शन ८२ (विनंतीला जोडलेली नोंद) मधून सर्व्हरपर्यंत पोहोचवतात.

आयसोलेशन लावूनही तक्रार सुरू राहिली तर

'आम्ही आयसोलेशन लावले होते, तरी झाले' हे वाक्य फार वेळा ऐकू येते. बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते: प्रोटेक्टेड पोर्ट ही मर्यादा त्या एका स्विचपुरती असते. अ विंगच्या स्विचवर सगळे ग्राहक पोर्ट वेगळे केले, ब विंगच्या स्विचवरही केले, आणि दोन्ही स्विच गच्चीवरच्या तिसऱ्या स्विचला जोडले. अ विंगमधल्या तोतयाची फ्रेम स्वतःच्या स्विचच्या अपलिंकमधून (गेटवेच्या दिशेच्या पोर्टमधून) बाहेर पडते, गच्चीवरचा स्विच ती ब विंगच्या दिशेने पाठवतो, आणि ब विंगचा स्विच ती आपल्या अपलिंकवरून आलेली म्हणून निःशंकपणे सगळ्या ग्राहकांना देतो. परिणाम विचित्र दिसतो: तोतया अ विंगमध्ये, त्याच्या शेजाऱ्यांना काही त्रास नाही, आणि नेट बंद आहे ते समोरच्या विंगचे. गच्चीवरच्या स्विचवर दोन्ही विंगकडे जाणारे पोर्टही वेगळे केल्याशिवाय हे थांबत नाही. नियम असा धरावा की जाळ्यातल्या प्रत्येक स्विचवर गेटवेच्या दिशेचा फक्त एक पोर्ट मोकळा असेल; उरलेले सगळे, मग त्यांच्या टोकाला घर असो, दुकान असो वा पुढच्या इमारतीचा स्विच असो, वेगळे केलेले असतील.

स्विच एकापुढे एक साखळीने जोडलेले असतील तरी हाच नियम चालतो, फक्त प्रत्येक स्विचवर 'वर' कोणती बाजू आहे याची नीट नोंद हवी. फायबर तुटले तरी सेवा चालू राहावी म्हणून जिथे स्विच वर्तुळात जोडलेले असतात तिथे मात्र हा नियम मोडतो. वर्तुळात गेटवेची दिशा ठरलेली नसते. एका बाजूची केबल रस्ताखोदाईत तुटली की वाहतूक उलट फिरते, आणि काल जो पोर्ट 'खाली' जाणारा म्हणून वेगळा केला होता तोच आज 'वर' जाण्याचा एकमेव मार्ग असतो. मग पर्यायी मार्ग असूनही सेवा बंद पडते, आणि वर्तुळ करूनही उपयोग नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. वर्तुळाच्या दोन्ही पोर्टांना मोकळे ठेवले तर दोन इमारतींमधली गळती परत येते. अशा जाळ्यात खरे उत्तर प्रायव्हेट व्हीलॅन हे आहे. त्यात ग्राहकाकडून निघालेली फ्रेम दुय्यम व्हीलॅनच्या क्रमांकाने प्रवास करते, आणि तो क्रमांक घेऊन आलेली फ्रेम दुसरा कोणताही स्विच आपल्या आयसोलेटेड पोर्टवर सोडत नाही, मग ती कोणत्याही दिशेने आलेली असो. ही पद्धत सिस्कोने घडवली आणि २०१० मध्ये आरएफसी ५५१७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र व्हीलॅन देणे. त्यात क्रमांक १२ बिटांचा असल्याने एका जाळ्यात ४०९४ च वापरता येतात, म्हणून मोठे सेवादाते एका क्रमांकात दुसरा क्रमांक गुंडाळून ही मर्यादा ओलांडतात. ती रचना सर्वांत स्वच्छ आहे, पण ती सांभाळायला नोंदींची शिस्त लागते, आणि लहान केबलचालकाकडे ती शिस्त नसेल तर साधे आयसोलेशन अधिक भरवशाचे ठरते असे माझे मत आहे.

फायबर घरापर्यंत गेले आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हाही समज तपासून घ्यावा. पॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या) जाळ्यात ओएलटीकडून (सेवादात्याकडच्या फायबर यंत्राकडून) निघालेला प्रकाश स्प्लिटरमधून (प्रकाश वाटणाऱ्या भागातून) सगळ्या घरांपर्यंत जातो, पण घराकडून निघालेला प्रकाश फक्त ओएलटीपर्यंतच येतो. एका घराचा ओएनटी दुसऱ्याचे काही थेट ऐकू शकत नाही. म्हणजे दोन ग्राहकांना जोडायचे की नाही हे ओएलटीच ठरवते, आणि तिच्यात आयसोलेशन बंद असेल तर ती खालून आलेली फ्रेम निमूटपणे पुन्हा खाली पाठवते. एकाच पॉन पोर्टवरच्या ग्राहकांसाठी आणि दोन वेगवेगळ्या पॉन पोर्टांमधल्या ग्राहकांसाठी अनेक ओएलटींमध्ये दोन वेगळ्या सेटिंग असतात. पहिली चालू आणि दुसरी बंद, अशी स्थिती स्वस्त ओएलटींवर वारंवार आढळते.

आता लूप. ग्राहकाने स्वतःच्या घरात एकाच वायरीची दोन्ही टोके आपल्या छोट्या स्विचमध्ये खोचली तर आयसोलेशन त्याला थोपवेल असे वाटते, पण थोपवत नाही, आणि कारण जाणून घेण्यासारखे आहे. गेटवेने पाठवलेला ब्रॉडकास्ट त्या घरात जातो, लूपमधून फिरून त्याच पोर्टने परत येतो, आणि आपला स्विच असे शिकतो की गेटवेचा मॅक पत्ता आता त्या घराच्या, समजा सात नंबरच्या, पोर्टवर आहे. पोर्ट वेगळे केले तरी स्विचचे हे शिकणे थांबत नाही. यानंतर तीन नंबरच्या ग्राहकाची गेटवेकडे निघालेली फ्रेम स्विच सात नंबरकडे वळवू पाहतो, आयसोलेशन तिला तिथेच अडवते, आणि संपूर्ण इमारत बंद पडते. पोर्टवर दिवे वेगाने लुकलुकत असतात, मॅक तक्ता पाहिला तर गेटवेचा पत्ता क्षणात अपलिंकवर, क्षणात सातवर उड्या मारताना दिसतो. यावर तीन उपाय एकत्र लागतात: गेटवेचा मॅक अपलिंकवर कायमचा बांधून टाकणे, प्रत्येक ग्राहक पोर्टवर दोन-चारपेक्षा जास्त मॅक शिकू न देणे, आणि लूप ओळखून तो पोर्ट काही वेळासाठी बंद करणारी सोय चालू ठेवणे.

स्नूपिंगचे दोन सापळे आहेत. पहिला तातडीने दिसतो: अपलिंक पोर्ट 'ट्रस्टेड' करायचा राहिला तर खऱ्या सर्व्हरची उत्तरेही तोतयाची समजून टाकली जातात आणि कोणालाच पत्ता मिळत नाही. याचाच एक आडवळणी प्रकार असा, की काही स्विच स्नूपिंग सुरू करताच विनंतीत ऑप्शन ८२ आपोआप घालतात, आणि पुढचा राउटर 'रिलेचा पत्ता नाही, पण ऑप्शन ८२ आहे' म्हणून ती विनंती संशयास्पद ठरवून फेकून देतो. सिस्कोच्या उपकरणांत ही मूळ वर्तणूक आहे. तिथे एकतर ऑप्शन घालणे बंद करावे किंवा पुढच्या राउटरला त्या बाजूवर विश्वास ठेवायला सांगावे. दुसरा सापळा उशिरा दिसतो आणि तोही विजेशीच जोडलेला आहे. कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता दिला याचा तक्ता स्विचच्या स्मरणात असतो. वीज गेली की तो पुसला जातो. स्विच पुन्हा सुरू होतो, सोर्स गार्ड लागू असतो, तक्ता रिकामा असतो, म्हणून तो सगळ्यांच्या फ्रेम अडवतो. ज्यांचे राउटर वीज गेल्यामुळे बंद पडले होते ते नव्याने पत्ता मागतात, तक्त्यात नोंदले जातात आणि त्यांचे नेट सुरू होते. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांचे राउटर बंद पडलेलेच नसतात, ते पत्ता मागत नाहीत, आणि नेमके त्यांचेच नेट बंद राहते. 'आमच्याकडे तर लाइट गेलेलीच नव्हती' असे सांगणारा ग्राहक खरेच सांगत असतो. तक्ता स्विचच्या कायम स्मृतीत किंवा बाहेरच्या सर्व्हरवर साठवण्याची सोय चालू केली की हा प्रकार थांबतो.

शेजारी एकमेकांना दिसायलाच हवे असतील तर

आयसोलेशन नीट लागू झाल्यावर नवी तक्रार येते ती अशी: तिसऱ्या मजल्यावर आई-वडील राहतात, पाचव्यावर मुलगा राहतो, दोघांकडे स्थिर पत्ते आहेत. वडिलांच्या घरचा कॅमेरा मुलाला ऑफिसातून दिसतो, गावाहून दिसतो, परदेशातून बहिणीलाही दिसतो, पण दोन मजले वरून दिसत नाही. दोन्ही पत्ते एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच गटातले) असल्यामुळे मुलाचा राउटर वडिलांच्या राउटरला परस्पर एआरपीने शोधू पाहतो आणि ती हाक आयसोलेशनमध्ये अडते. यासाठी आयसोलेशन काढणे हा उपाय नव्हे. गेटवेवर 'लोकल प्रॉक्सी एआरपी' चालू करावे. मग त्या हाकेला गेटवे स्वतःचा मॅक देऊन उत्तर देतो, वाहतूक गेटवेवरून फिरून शेजाऱ्याकडे जाते, आणि वाटेत तिच्यावर गाळणी, मोजणी, नोंद सगळे लागू होते. त्याच पोर्टवर आयसीएमपी रीडायरेक्ट बंद करायला विसरू नये, नाहीतर गेटवे दोघांना 'तुम्ही थेट बोला' असा अशक्य सल्ला देत राहील. हेच काम स्विचच्या पातळीवर करण्याची एक पद्धत २००६ च्या आरएफसी ४५६२ मध्ये वर्णिलेली आहे, पण लहान जाळ्यात गेटवेवरची सोय पुरते.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मध्ये हाच प्रश्न थोडा वेगळ्या रूपात येतो. तिथे उपकरण पत्ता घेण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना असे शेजाऱ्यांना विचारते. शेजारी ऐकूच शकत नसतील तर एकाच मॅकच्या दोन स्वस्त राउटरांचा पत्ता सारखा निघाला तरी कोणालाच कळत नाही. गेटवेने शेजाऱ्यांच्या वतीने उत्तर देण्याची पद्धत २०१३ पासून उपलब्ध आहे, आणि गेटवेच्या जाहिरातीत 'हा संपूर्ण पट्टा याच वायरीवर आहे' असे सांगणारा ध्वज बंद ठेवावा.

सगळे लावून झाल्यावर तपासणी करताना दोन गोष्टींनी फसगत होते. एक, दोन ग्राहक पोर्टांवर दोन लॅपटॉप लावून पिंग करून पाहिला आणि तो लागला, म्हणून आयसोलेशन चालत नाही असे समजू नये. लोकल प्रॉक्सी एआरपी असेल तर पिंग लागायलाच हवा. पाहायचे ते एआरपी तक्त्यात: शेजाऱ्याच्या पत्त्यासमोर गेटवेचा मॅक असेल तर काम बरोबर झाले, शेजाऱ्याचा स्वतःचा मॅक असेल तर कुठेतरी गळती आहे. दोन, एका ग्राहक पोर्टवर वायरशार्क (वायरीवरच्या फ्रेम दाखवणारे सॉफ्टवेअर) लावला तर गेटवेने इतर ग्राहकांना शोधण्यासाठी दिलेल्या हाका तिथे दिसतातच. त्या वरून खाली येतात, त्यामुळे त्यात काही वावगे नाही. शेजाऱ्याच्या मॅकवरून निघालेली एकही फ्रेम दिसता कामा नये.

एवढे करूनही काही महिन्यांनी तोतया डीएचसीपी परत आला, तर सेटिंग तपासण्याआधी पेटी उघडून पाहावी. पावसाळ्यात वीज पडून स्विच जळतो, रात्री साडेदहाला गेलेला माणूस हाताशी असलेला साधा आठ पोर्टचा स्विच लावून सेवा सुरू करतो, आणि तो स्विच तिथेच राहतो. वरच्या मॅनेज्ड स्विचने तो पोर्ट वेगळा केलेला असल्यामुळे बाकीची इमारत सुरक्षित असते, पण त्या साध्या स्विचवरच्या घरांमध्ये आपसांत कोणतीही आडकाठी उरत नाही. म्हणून प्रत्येक भागासाठी सेटिंग भरून तयार ठेवलेला एक जादा मॅनेज्ड स्विच गोदामात असावा, त्याच्या अपलिंक पोर्टवर रंगीत पट्टी लावलेली असावी, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कोणता पोर्ट कोणत्या घराचा हे कायम शाईने लिहिलेले असावे.